ओढ्याकाठचा उड्या मारणारा उंदीर



उंदराचें रक्षण करावें असें कोणीं म्हटलें, तर आपणांस हसूं येईल. पण अमेरिकेंत रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशीं, कोलोरॅडो व वायोमिंग या राज्यांत, 'प्रेबलचा उंदीर' म्हणून एक चिमुकला जीव आहे. शेपूट अंगाहून लांब, मागचे पाय उडीसाठींच घडलेले. वर्षांतले सात-आठ महिने तो बिळांत निजून काढतो. उरलेल्या दिवसांत ओढ्याकाठचें दाट गवत व वाळुंजाचीं झुडुपें हेंच त्याचें जग. त्याच पट्ट्यांत वस्त्या वाढल्या, पाणी वळविलें गेलें, आणि १९९८ सालीं सरकारला त्यास कायद्याचें संरक्षण द्यावें लागलें.

हा निशाचर प्राणी सहसा दृष्टीस पडत नाहीं. म्हणून पाण्याचें अंतर, झुडुपांची दाटी, जागेची उंची यांचें गणित मांडून शास्त्रज्ञ त्याच्या संभाव्य घरांचा नकाशा करतात आणि मग पिंजरे लावून तो पडताळतात. पिंजरा रिकामा निघाला म्हणून घरहि रिकामें, असें मात्र समजूं नये. शिवाय ओढ्याचे तुटक तुकडे राखून भागत नाहीं. हा उंदीर काठाकाठानेंच फिरतो. मध्येंच कांठ उजाड झाला कीं त्याची वाट खुंटते. त्याला वांचवावयाचें तर सलग कांठ राखला पाहिजे, आणि त्यासाठीं ओढ्यांत पाणीहि राहूं दिलें पाहिजे.