आयोडीनचे पथ्य : एका गृहस्थाचा अनुभव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)

 

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तरीही आरोग्याविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आपल्यापैकी कोणाच्या घरी पुन्हा घडू नये.

२०१८ साली माझ्या धर्मपत्नीस थायरॉईडचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढण्यात आली. पुढे डॉक्टरांनी किरणोत्सर्गी आयोडीनचा, म्हणजे आयोडीन-१३१ चा उपचार सुचविला. प्रत्येक रुग्णास तो लागतोच असे नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. कर्करोगावर हा उपचार १९४० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. आपल्या मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या शास्त्राचे कार्य करीत आहे.

या उपचाराचे तत्त्व व्यापाऱ्यास सहज समजेल असे आहे. थायरॉईडच्या पेशी रक्तातील आयोडीन ओढून घेतात. साधे आयोडीन कोणते आणि औषधी कोणते, हा भेद त्या जाणत नाहीत. गोदाम जुन्या मालाने भरलेले असेल तर नवी गाठोडी उतरवणार कोठे? म्हणून औषधापूर्वी एक ते दोन आठवडे आहारातील आयोडीन दिवसाला ५० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवावयाचे असते. शिल्लक राहिलेल्या पेशी मग भुकेल्या होतात आणि औषध ग्रहण करतात.

आता जमाखर्च पाहू. आपल्या देशात विक्रीच्या ठिकाणी मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे असा नियम आहे. म्हणजे एका ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ पोटात गेले, तरी ७५ मायक्रोग्रॅम झाले. सारे पथ्य एका चमच्यात बुडाले!

डॉक्टरांनी दिलेली यादी वाचून पत्नी प्रसन्न झाली. मासे व अंडी वर्ज्य. ती आपल्या घरात नाहीतच. दूध, दही, लोणी, पनीर वर्ज्य. "ही तर आयंबिलची ओळीच झाली," असे ती म्हणाली. आश्विनातील ओळी जवळ आलेलीच होती. तिने अळणी आयंबिल करण्याचा मनोदय सांगितला. डॉक्टरांनी तत्काळ थांबविले. उपचारापूर्वी काही आठवडे थायरॉक्सिनची गोळी बंद केलेली असते. शरीर मंदावलेले असते. अशा वेळी, विशेषतः उतारवयात, मीठच सोडले तर रक्तातील सोडियम घटून भोवळ येते, शुद्धही हरपू शकते. "आयोडीन सोडा, मीठ सोडू नका," हे त्यांचे वाक्य मी अद्याप विसरलो नाही.

तेव्हा आयोडीनरहित मीठ आणण्याचे काम माझ्याकडे आले. मी सैंधवाचा पुडा आणला. सैंधव म्हणजे आयोडीन नसणारच, या समजुतीने पुडा उलटूनही पाहिला नाही. पाचव्या दिवशी सूनबाईंनी मागची बारीक अक्षरे वाचली : 'आयोडीनयुक्त'. डॉक्टरांनी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजण्यास सांगितले व उपचाराची तारीख पुढे गेली. गोळी बंद असल्याने पत्नीचे हातपाय सुजले होते, थंडी सोसवत नव्हती, चार पायऱ्या चढणे कठीण झाले होते. त्या अवस्थेत तिला आणखी दिवस काढावे लागले, ते केवळ माझ्यामुळे. चाळीस वर्षे थानाचा काठ वाचल्याशिवाय मी माल घेतला नाही. आणि घरच्या माणसाच्या मिठाचा पुडा मात्र न वाचता घेतला.

आणखी काही गोष्टी आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. जिलेटिन नको म्हणून आपण मिष्टान्नात चायना ग्रास वापरतो. ते समुद्रशैवालापासून बनते, म्हणून वर्ज्य. बाजारचे फरसाण, पापड, लोणची यांत कोणते मीठ आहे हे कळत नाही, म्हणून तीही नकोत. काही लाल खाद्यरंगांत, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांत आणि जखमेवर लावावयाच्या मलमांत आयोडीन असते. सी.टी. स्कॅनसाठी शिरेतून औषध दिले गेले असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. भात, मुगाची डाळ, घरची भाकरी, ताज्या भाज्या, फळे व तेल एवढ्यावर आमचे दिवस उत्तम निभावले.

औषध घेतल्यावर काही दिवस स्वतंत्र खोलीत राहावे लागते. त्या काळात पाणी भरपूर, रात्रीसुद्धा, प्यावयाचे असते. पत्नीचा चौविहार अनेक वर्षांचा. ती व्याकुळ झाली. महाराजसाहेबांना विचारले असता त्यांनी शांतपणे सांगितले की पच्चक्खाणातच रुग्णासाठी आगार ठेवलेले आहेत. तिच्या डोळ्यांत पाणी आले. त्या रात्री ती निःशंक मनाने पाणी प्यायली.

एक विनंती. हे पथ्य केवळ त्या रुग्णासाठी आणि त्या दिवसांसाठीच आहे. माझे भाषण ऐकून कोणी घरचे आयोडीनयुक्त मीठ बंद करू नये. गर्भवती भगिनींना व बालकांना ते अत्यावश्यक आहे. आमच्या घरीही डॉक्टरांनी सांगताच तेच मीठ पुन्हा सुरू झाले.

आज पत्नी रोज थायरॉक्सिन घेते, नियमित तपासणीस जाते आणि याच मेळाव्याच्या भोजनव्यवस्थेत सेवा करीत आहे. मिठाचा पुडा मात्र आता आम्ही दोघे मिळून वाचतो.