हात दाखवल्यावर

एसटीला आणि ट्रकला हात दाखवत मी लहानाचा मोठा झालो. पण पन्नाशी उलटल्यावर तोच हात उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे दाखवावा लागेल, हे स्वप्नातही नव्हते.

2022च्या जुलैमध्ये नॉर्वेत ट्रॉम्सोला पुतण्याकडे गेलो होतो. तिथून एकटाच नॉर्थ केपला निघालो आणि ओल्डरफ्योर्डच्या फाट्यावर कॉफीच्या नादात माझी बस चुकली. इथून ई-69 हा रस्ता 129 किलोमीटर उत्तरेला जातो. पुढची बस दुसऱ्या दिवशी.

रात्रीचे नऊ वाजले तरी लख्ख ऊन. सूर्य मावळतच नाही, तर मगरिबची नमाज कधी पढायची? रस्त्यावर मी आणि रेनडिअर. आपल्याकडच्या गुरांसारखेच तेही डांबरावर निवांत उभे राहतात. पर्यटकांच्या मोटारी सामानाने ठासलेल्या; ते हसून हात हलवायचे आणि निघून जायचे.

दोन तासांनी एक जुनी व्हॅन थांबली. साठीचा कोळी होता. ‘कुठे?’ एवढेच त्याने विचारले. आपल्याकडे लिफ्ट देणारा आधी गाव विचारतो, मग नाव. माझे नाव ऐकल्यावर कधीकधी गप्पा आटतात. त्यामुळे बराच वेळ मी त्या प्रश्नाची वाट पाहत राहिलो. तो आलाच नाही.

नॉर्थ केप मागेरोया बेटावर आहे. 1999पर्यंत तिथे फेरीबोटीने जावे लागे. आता समुद्रतळाखालून जवळजवळ सात किलोमीटरचा बोगदा आहे, पाण्याच्या पातळीखाली 212 मीटरपर्यंत उतरणारा. सामी लोकांचे रेनडिअर मात्र उन्हाळा संपला की ही सामुद्रधुनी पोहून परततात, असे त्याने सांगितले.

‘हिवाळ्यातही असेच थांबता?’ मी विचारले.

‘हिवाळ्यात माणूस उभा दिसला की आधी आत घ्यायचा. कुठे जायचे ते नंतर.’

केपच्या शेवटच्या टप्प्यावर तर हिवाळ्यात एकट्याने गाडी नेताच येत नाही. ठरलेल्या वेळी बर्फ हटवणारे यंत्र पुढे आणि मोटारींची रांग मागे, असा प्रवास असतो.

मध्यरात्रीच्या उन्हात त्याने मला होनिंग्सवोगला उतरवले. पैसे घेतले नाहीत. मग मीच माझे नाव सांगितले. त्याने ते दोनदा म्हणून पाहिले, दोन्ही वेळा चुकीचे, आणि मासळीचा वास असलेला हात पुढे केला.