डॉर्टमुंडची पिवळी भिंत
मुलाबाळांसह परदेशी गेल्यावर फुटबॉलची गर्दी टाळावी, असं अनेकांना वाटतं. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या स्टेडियममध्ये हे मत टिकत नाही. तिथे दक्षिणेच्या बाजूला सुमारे २५ हजार प्रेक्षक सामनाभर उभे राहून गातात. पिवळ्या मफलरांची जणू भिंतच. गर्दीची भीती अगदीच निराधार नाही. १९८९ मध्ये इंग्लंडात हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा जीव गेला. पण त्यात दोष चाहत्यांच्या वागण्याचा नव्हता, असा निर्वाळा २०१६ मध्ये मृत्यूंची चौकशी करणाऱ्या ज्यूरीने दिला. चुकलं होतं ते पोलिसांचं गर्दीचं नियोजन. शिवाय मुलांना उभ्या प्रेक्षकांच्या गर्दीत न्यायलाच हवं, असं कुठे आहे? खुर्चीत बसूनही ते गाणं अंगावर काटा आणतं, शहराचा जीव कशात आहे ते मुलांना कळतं. तिकीट मात्र क्लबकडूनच घ्या, आणि पाहुण्या संघाच्या चाहत्यांलगतची जागा टाळा.