पॅकेजमध्ये न मावणारा वेळ
(वार्षिक सभेतील प्रशासकीय निवेदन)



जमाखर्चाचे आकडे आपल्या हाती आहेतच. त्यांची पुनरुक्ती न करता, कर्करोग व रक्तविकार विभागाला उपचारांचा मोबदला कसा मिळतो आणि ती पद्धत कशी बदलत गेली, याविषयी आम्ही थोडे निवेदन करू इच्छितो.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये नागपूरसह सर्व राज्यात पोहोचली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. आज प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण उपलब्ध आहे. केमोथेरपीसाठी शेत गहाण टाकण्याची वेळ त्यामुळे अनेक कुटुंबांवरून टळली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

या योजनेत प्रत्येक उपचारासाठी एक ठरावीक रक्कम मिळते. औषधे, खाट, परिचर्या, तपासण्या, भोजन आणि तज्ज्ञांचे शुल्क हे सर्व त्यातच भागवावयाचे असते. औषधाचा खर्च वाढला की उरलेल्या सेवांचा वाटा आपोआप आकसतो.

दुसरा बदल औषधांच्या किमतीतील आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांपुरता मर्यादित केला. रुग्णांच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्यच आहे. परंतु औषधांच्या शिलकीतून सेवांचा खर्च भागविण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. अमेरिकेतही हेच घडले. तेथील मेडिकेअर योजनेने २००५ पासून डॉक्टरांनी दवाखान्यात दिलेल्या बहुतेक औषधांचा मोबदला सरासरी विक्री किंमत अधिक सहा टक्के असा बांधून दिला. औषधावरील नफा घटवायचा, तर ते सुरक्षितपणे देण्याच्या सेवेचे मोल स्वतंत्रपणे द्यावे, ही तेथील कर्करोग व रक्तविकार तज्ज्ञांची मागणी होती.

आपल्या विदर्भात हा प्रश्न सिकलसेलच्या रुग्णांबाबत अधिक तीव्र होतो. हा आजार जन्मभराचा. हायड्रॉक्सियुरियाची मात्रा ठरविणे, ठरावीक अंतराने रक्त तपासणे, विवाहापूर्वी दोन्ही कुटुंबांना समजावून सांगणे, ही कामे खाटेवर नव्हे, बाह्यरुग्ण विभागात होतात. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने तपासणीला मोठी चालना दिली. मात्र निदानानंतर डॉक्टरांनी रुग्णाला दिलेला अर्धा तास कोणत्याही पॅकेजमध्ये मोजला जात नाही.

धर्मादाय रुग्णालय म्हणून कलम ४१ कक अन्वये निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा आपण राखून ठेवतो. देयकांच्या दोन टक्के रकमेतून निर्धन रुग्ण निधी उभा राहतो. तो त्याच रुग्णांच्या उपचारासाठी आहे आणि तसाच वापरला गेला पाहिजे. योजनेतील रुग्णाकडून पॅकेजवर वेगळी रक्कम घेणे नियमात बसत नाही आणि आपल्या संस्थेच्या हेतूतही बसत नाही. मग दोनच मार्ग उरतात. रक्तविकार तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण तपासणीचे दिवस कमी करणे, किंवा त्या वेळेचा खर्च देणगीतून उभा करणे. पहिला मार्ग पत्करल्यास गडचिरोली, गोंदियाहून येणाऱ्या रुग्णाची खेप फुकट जाईल.

म्हणून आमची नम्र विनंती आहे. यंत्रसामग्री आणि इमारतीसाठी आपण आजवर मुक्तहस्ते दिलेत. यापुढे देणगीचा काही भाग तज्ज्ञ, समुपदेशक आणि डे केअरमधील परिचारिका यांच्या मानधनासाठी राखून द्यावा. या दानाची संगमरवरी पाटी लावता येणार नाही, परंतु त्याचा हिशेब दरवर्षी या अहवालात स्वतंत्र शीर्षाखाली मांडण्याची हमी आम्ही देतो.