येळवस खोडली, तेव्हा गाव हरवलं

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेलं व्याख्यान)



लेखकाची सांस्कृतिक ओळख त्याच्या लेखनात कशी उतरते, यावर मला बोलायला सांगितलं आहे. मी माझ्या गावापासूनच सुरुवात करतो. गाव मादन हिप्परगा, तालुका आळंद, जिल्हा कलबुर्गी. आमच्या घरात मराठी, बाजारात कानडी, आणि आळंदला गेलं की कानावर दखनी उर्दू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. उस्मानाबाद मुंबई राज्यात गेलं, गुलबर्गा म्हैसूर राज्यात आलं. मध्ये सीमा आली, पण सोयरिकी आणि सण दोन्हीकडे राहिले.

येळवस हा असाच सण. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं घर रानात जातं. कडब्याची कोप करायची, पांडवांची पूजा करायची, मग भज्जी, उंडे, खीर, आंबील. कानडीत या दिवसाला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. लातूरकडे छापताना ‘वेळ अमावस्या’ छापतात. पण पिकावर आंबील शिंपडताना तिकडचा मराठी शेतकरीही कानडी वळणाचेच शब्द म्हणतो.

कॉलेजात असताना मी पहिली कथा लिहिली ती या दिवसावर. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही, या भीतीने मी ‘कोप’ खोडून ‘झोपडी’ केली, आंबिलीचं ताक केलं, येळवशीचं ‘वनभोजन’. घरी आईला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, “हे कुठल्या गावचं लिवलास बाळ?”

तिला एकही शब्द अडला नव्हता, तरी गाव ओळखू आलं नव्हतं. ओळख लेखकाच्या विषयात असते, असं मी तोवर समजत होतो. ती त्याच्या शब्दांच्या निवडीत असते, हे त्या दिवशी कळलं.

आपल्या भागात ही मोठी परंपरा आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठीत, कानडीत आणि हिंदुस्थानीतही पदं रचली. समोर बसलेल्या भक्ताची भाषा त्यांना परकी नव्हती. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कानडीत लिहीत; ‘नाकुतंती’साठी त्यांना ज्ञानपीठ मिळालं. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत होते आणि मराठी कथा लिहीत होते. गाव एक, वाटा उलट्या. दोघांपैकी कुणीही आपली दुसरी भाषा लपवली नाही, म्हणून त्यांची पहिली भाषा समृद्ध झाली.

मात्र एक सावधगिरी हवी. कानडी शब्द वरून भुरभुरले म्हणजे सीमाभागाचं साहित्य होत नाही. पात्राच्या तोंडी जो शब्द आपसूक येतो, तोच ठेवावा. नाहीतर भीतीने खोडणं आणि हौसेने घालणं, दोन्ही सारखंच खोटं. आणि अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द पुण्यातही कानडीशी नातं सांगतात, हेही विसरू नये.

ती कथा मी पुन्हा लिहिली. कोप कोपच ठेवली. आईने मध्येच थांबवून सांगितलं, “उंडे बाजरीचे लिव.” कथेत तिला चूक सापडली, कारण आता ते तिचं रान होतं.

आपली मुलं आज कानडी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्यातल्या एखाद्याने मराठीत चार ओळी लिहून आणल्या, तर अशुद्ध म्हणून लाल रेघ मारण्याआधी एवढंच विचारा: हा शब्द तू कुणाकडून ऐकलास? तो आजीचं नाव सांगेल. मग तो शब्द राहू द्या.

गणराया आपल्या लेकरांना लिहितं ठेवो.