पिठाच्या बाटलीतला उलटा ताल



पडद्यामागे तुमच्या एकांकिकेची तयारी चाललेली ऐकू येतेय, म्हणून थोडक्यात बोलतो. मी संख्याशास्त्राचा शिक्षक. आज मला पिठातल्या किड्यांबद्दल सांगायचंय.

पीठ फार दिवस डब्यात राहिलं की त्यात तांबूस, बारीक किडे होतात. कृषिखातं त्यांना तांबडे भुंगेरे म्हणतं. शास्त्रीय नाव ट्रायबोलियम. अमेरिकेत कोस्टँटिनो, डेशार्ने हे जीवशास्त्रज्ञ, कुशिंग, हेन्सन हे गणिती आणि डेनिस हे संख्याशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं एकत्र बसले ते या किड्यांसाठी. किडे बाटल्यांत वाढवायचे आणि दर दोन आठवड्यांनी पीठ चाळून अळ्या, कोष, मोठे किडे सगळे मोजायचे. या चिकाटीपुढे मी आजही नतमस्तक होतो.

हे किडे आपलीच अंडी खातात. अळ्या उदंड झाल्या की त्या अंडी फस्त करतात, म्हणून पुढच्या मोजणीला अळ्या कमी. कमी अळ्या म्हणजे वाचलेली अंडी जास्त, म्हणून त्यापुढच्या खेपेला पुन्हा उदंड. जास्त, कमी, जास्त, कमी. समीकरण मांडलं तर हा ताल कधीच चुकत नाही.

बाटलीत मात्र तो चुकत होता. एकाच दिवशी, सारख्याच पिठात सुरू केलेल्या बाटल्यांपैकी एखादीचा ताल मध्येच उलटा व्हायचा. इतरांत अळ्या उदंड, तेव्हा हिच्यात कमी! १९९८ साली या मंडळींनी त्याचा उलगडा मांडला. ‘जास्त-कमी’ आणि ‘कमी-जास्त’ या जणू शेजारशेजारच्या दोन दऱ्या, मध्ये एक डोंगरधार. चार अंडी योगायोगानं जास्त वाचली, दोन माद्या अकाली मेल्या, एवढ्या धक्क्यानंही बाटली त्या धारेवर चढू शकते. तिथे चढउतार काही काळ मंदावतो, आणि मग ती पलीकडच्या दरीत उतरते. आम्ही या धक्क्यांना ‘नॉइज’ म्हणतो आणि समीकरणाच्या शेपटाला एक पद जोडून मोकळे होतो. त्याच पदात बाटलीचा ताल उलटवण्याची ताकद असते.

आता माझ्या विषयाबद्दल मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट. समजा, निम्म्या बाटल्या एका तालात आहेत आणि निम्म्या उलट्या. त्यांची सरासरी काढा. वर गेलेल्या आणि खाली आलेल्या संख्या एकमेकींना खाऊन टाकतात, आलेखावर जवळजवळ सरळ रेघ उरते. एकाही बाटलीत असं स्थैर्य नव्हतं! सरासरीनं आपल्याला कधीच न घडलेली गोष्ट दाखवली.

विद्यार्थी असताना मीही प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रेषेबाहेर पडलेला बिंदू रबरानं पुसला होता. आलेख सुबक दिसला, गुणही मिळाले. त्या बिंदूत काय होतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

म्हणून एकच मागणं. उद्या प्रयोगशाळेत तुमचा आकडा शेजारच्या टेबलापेक्षा वेगळा आला, तर तो खोडू नका. तारीख घालून वहीत लिहा, आणि पुढच्या चार मोजण्या होईपर्यंत ती बाटली फेकू नका.