जुन्या ट्रॅक्टराची नाडीपरीक्षा

सोलापूरकडील काळ्या रानात हस्ताच्या ओलीवर शाळू पेरावयाचा असतो. ती ओल कोणासाठी थांबत नाही. तरीही नव्याने जुळविलेला जुना डिझेल ट्रॅक्टर सुरू होईना, तर इंजिन पुन्हा खोलण्याची घाई करू नये. या इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत तेल पेट घेते. म्हणून तेलाच्या नळीत अडकलेली हवा प्रथम काढावी: पंपावरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावे.

इंजिन धडधडू लागले की धूर पाहावा. पांढरा असेल, तर तेल न जळताच बाहेर पडते. दाब व फवाऱ्याची वेळ तपासावी. काळा, तर हवा अपुरी. निळा, तर वंगण जळते. नव्या रिंगा बसेपर्यंत तो किंचित दिसावयाचाच. वंगणाच्या दाबाचा काटा मात्र न चढल्यास इंजिन तत्काळ थांबवावे. पेरणी एक दिवस लांबेल, पण बेअरिंगे वाचतील.